गच्चीवरचं ऊन

पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, रेन वॉटर हार्वेस्टिंग यांपैकी एक केलं की मिळकतकरात ५ टक्के सूट, दोन केली की १०. तिसऱ्याला जास्तीचं काही नाही. त्यामुळे सोसायट्यांचं निसर्गप्रेम बरोब्बर १० टक्क्यांवर थांबतं. खताच्या टाकीत गांडुळं असतात का, हे विचारू नये. तपासणीच्या दिवशी ती कुठूनशी आणली जातात.

२०२४ साली पंतप्रधान सूर्यघर योजना आली. घरमालकाला ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, सोसायटीला सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,०००. आमच्या शेजारच्या सोसायटीने लगेच पॅनेल बसवली. उद्घाटनाला ‘प्लास्टिक टाळा’ असा भलामोठा फ्लेक्स, आणि त्याखाली पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोके. सामाईक बिल एकदम खाली आलं, तसे जिन्यातले दिवे भरदुपारीही जळू लागले. ‘ऊन फुकट आहे, विझवायचे कशाला?’ इति चेअरमन.

तक्रार आली ती एकच. पॅनेलच्या सावलीत कुरडया वाळत नाहीत. सभेत दोन तास खल झाला. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला: कुरडया पॅनेलवरच घालाव्यात. वीज जरा घटली. कुरडया मात्र कडकडीत वाळल्या.