पातळ पडेल, साहेब!

इंजिन ऑइलबद्दल मत नसलेला माणूस पुण्यात मला अजून भेटायचा आहे. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनाही मत आहे, आणि ते जरा जास्तच ठाम आहे. त्यातून गाडी जुनी आणि टर्बोवाली असली की विचारूच नका. माझी तशी आहे. २०११ची फियाट लिनिया टी-जेट. चौदाशे सीसीचं पेट्रोल इंजिन, ११४ अश्वशक्ती, आणि बॉनेटखाली एक्झॉस्टला बिलगून बसलेला छोटासा टर्बो. गाडी रांजणगावच्या कारखान्यातली, म्हणजे तशी पुणे जिल्ह्याचीच; पण घराणं इटलीचं. त्या घराण्यानं इथं गाड्या विकणं थांबवून बरीच वर्षं झाली, त्यामुळे आता तिचं पालकत्व माझ्याकडे, गॅरेजच्या मेस्त्रींकडे आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येकाकडे आहे.

गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-४०, सिंथेटिक, असं स्वच्छ छापलेलं आहे. खरं तर विषय तिथेच संपायला हवा. पण पुस्तिका वाचून आलेल्या माणसाकडे गॅरेजमध्ये ज्या नजरेनं बघतात, ती नजर ज्यानं झेलली आहे त्यालाच कळेल.

"पातळ पडेल, साहेब," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी डिपस्टिक बाहेर ओढली, खांद्यावरच्या फडक्यानं पुसली, परत घातली, परत ओढली. टोकावरचा काळा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन दोन्ही बोटं हळूहळू लांब केली आणि मध्ये तार किती ताणली जाते ते डोळे बारीक करून पाहिलं. मग बोटं नाकाशी नेली. वैद्य नाडी बघताना गप्प बसतो तसे ते गप्प बसले, आणि मीही बसलो. "ते फाइव्ह-फॉर्टी तिकडच्या थंडीसाठी असतं. आपल्याकडे हीट किती! ट्वेंटी-फिफ्टी टाका. आवाज बंद."

"आवाज कुठाय?"

"येईल ना."

आता मेस्त्रींचं अर्धं बरोबर आहे, हीच पंचाईत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचाच. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांना इंजिन फिरू देतं की नाही हे तपासतात, २०डब्ल्यूची तपासणी उणे १५ला होते. पुण्यात पारा दहाच्या खाली आला की सदाशिव पेठेत कानटोप्या निघतात आणि पाषाणचं तापमान पहिल्या पानावर येतं. उणे तीसशी आपला संबंध काय? पण टर्बोचा असतो. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, आणि सकाळी किल्ली फिरवल्यावर ते टर्बोपर्यंत जितक्या लवकर पोचेल तितकं बरं. पंचवीस अंशांनाही ५डब्ल्यू हे २०डब्ल्यूपेक्षा पातळच असतं, म्हणजे लवकर पोचतं. आणि नंतरचा ४० हा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. म्हणजे इंजिन एकदा तापलं की फाइव्ह-फॉर्टी आणि फिफ्टीन-फॉर्टी एकाच पंगतीत बसतात. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आकडे काय, छापतात."

टर्बोबद्दल जरा सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्याच्या दांड्यात आहे. इंजिनातून बाहेर पडणारा वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. इंजिन सहा-साडेसहा हजार फेऱ्यांत धापा टाकू लागतं. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो, तेही एका बाजूला पेट्रोल इंजिनाचा आठ-नऊशे अंशांचा वायू अंगावर घेत. आणि हा दांडा धातूवर टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तोच थर त्याला गारही ठेवतो. ऑइल मिळालं नाही किंवा जळून त्याची काजळी धरली की दांड्याचा कारभार आटोपतो. एवढ्या नाजूक जागेसाठी ऑइल निवडायचं आणि निवडणार कोण, तर ज्याला आवाज येण्याच्या आधीच ऐकू येतो तो.

सासऱ्यांचा पक्ष वेगळा. ते वाईला असतात. त्यांनी आयुष्यभर कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी चालवली. तीही मूळची फियाटच, त्यामुळे माझ्या गाडीवर आपला वडिलकीचा हक्क आहे असं त्यांना वाटतं. "अहो जावईबापू, आम्ही साधं फोर्टी घालायचो. ना डब्ल्यू, ना फब्ल्यू." पद्मिनीला टर्बो नव्हता, असं मी एकदा म्हणालो. "म्हणूनच चालली," ते म्हणाले. याला उत्तर नाही. टर्बोचे लाड फार, हे तर इतिहासही सांगतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो कार आली. तिला पेट्रोल आणि ऑइलशिवाय तिसरं एक पेय लागायचं: मिथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण. लोक ते भरायला विसरू लागले. शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांचा टर्बोच उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. ही हकिगत मी सासऱ्यांना अजून सांगितलेली नाही.

मेव्हणा दुसऱ्या टोकाचा. त्याची गाडी नवी, तिच्यात पाण्यासारखं झिरो-ट्वेंटी जातं. "दाजी, जग पातळाकडे चाललंय. ॲव्हरेज बघा." जग चाललंय हे खरं, कारण पातळ ऑइलमुळे इंधन वाचतं. पण त्याचं इंजिन त्या ऑइलसाठीच बनवलेलं आहे. १५० अंश तापमान आणि वर जोराचं घासणं, अशा कसोटीत विसाच्या ऑइलला २.६ गुण मिळाले तरी पास करतात, फाइव्ह-फॉर्टीला ३.५ लागतात. माझ्या टर्बोला काठावर पास झालेलं ऑइल घालायची माझी छाती नाही. मेव्हण्याचं म्हणणं, मी काळाच्या मागे आहे. गाडीचं मॉडेल बघता ते तसंही लपत नाही.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर तिसराच प्रकार.

"पेट्रोल का डिझेल?"

"टर्बो पेट्रोल."

"टर्बो म्हणजे डिझेलच." आणि त्यानं काउंटरवर कॅन ठेवला. त्यावर टर्बो हा शब्द एवढा मोठा की मला क्षणभर भरून आलं. मागे फिरवून पाहिलं तर फिफ्टीन-फॉर्टी, सीआय-४. सी म्हणजे डिझेलची यादी, एस म्हणजे पेट्रोलची. ते ट्रकचं ऑइल होतं. उत्तम असेल, पण माझी गाडी ऊस वाहत नाही. मग त्यानं एसपी काढलं. "२०२०चा ग्रेड आहे." एसपी आणताना एका खास दुखण्याचा विचार केला होता: डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात कमी वेगाला जोर लावला की मिश्रण वेळेआधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. माझ्या गाडीत जुन्या पद्धतीचं इंजेक्शन आहे, तिला ते दुखणं सहसा होत नाही. पण घालून अपायही नाही, आणि ग्रेड फाइव्ह-फॉर्टीच होता. "फुल्ली सिंथेटिक आहे ना?" मी विचारलं. त्यानं किंमत सांगितली. म्हणजे असणार.

निघताना त्यानं एक सल्ला दिला, आणि या सगळ्या प्रकरणात एकमतानं पटलेला तेवढाच: रिकामा कॅन तसाच देऊ नका, भोक पाडा. नाहीतर तो भरून परत दुकानात येतो.

इतकी मतं का जगतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मिसळीत मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला कळतं. ऑइल चुकलं तर पाच-सात वर्षांनी कळतं, आणि तोवर सल्ला देणारा गाडी विकून मोकळा झालेला असतो, किंवा मी तरी. ट्वेंटी-फिफ्टी घातलेली गाडी चालली तर ट्वेंटी-फिफ्टीमुळे चालली. बंद पडली तर गाडीच टर्बो होती. हरायची भीती नसलेला असा विषय राजकारणानंतर हाच. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हे मतही असंच अमर आहे. खरं तर त्यातली सफाईची रसायनं काजळी धरून ठेवतात म्हणून ते काळं होतं. काळं होणं हे त्याचं कामच आहे. पण काळं ऑइल दाखवून पैसे मागता येतात आणि सोनेरी दाखवून मागता येत नाहीत, त्यामुळे मेस्त्रींशी या मुद्द्यावर मी वाद घालत नाही.

टर्बोवाल्यांचा आणखी एक कुळाचार आहे. गाडी थांबवली की लगेच बंद करायची नाही. मिनिटभर चालू ठेवायची, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जागच्या जागी करपत नाही. खंबाटकी दाबून चढलात आणि वर चहाला थांबलात, तर हे करायलाच हवं. मी मात्र कर्वे रोडच्या गर्दीतून रांगत आल्यावरही करतो, जेव्हा टर्बोला दिवसभरात साधी जांभईसुद्धा द्यावी लागलेली नसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एकटाच इंजिन चालू ठेवून काच खाली करून बसतो. वॉचमननं एकदा हळूच विचारलं, "साहेब, घरी काही झालंय का?"

अखेर फाइव्ह-फॉर्टीच घातलं. मेस्त्रींनी घातलं, पण ओतताना धारेकडे असं बघत होते की जणू शेवटचं बघताहेत. जुनं ऑइल त्यांनी डब्यात भरून ठेवलं. त्यांच्या गावी गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून ते फासतात. इंजिनात तीन लिटरच्या आसपास मावतं, त्यामुळे नव्या कॅनच्या तळाशी थोडं उरलं. ते टाकवेना. पुढच्या रविवारी वाईला गेलो तेव्हा सासऱ्यांच्या झोपाळ्याच्या कड्यांना चमच्यानं सोडलं. चारही कड्या, फुल्ली सिंथेटिक, एसपी ग्रेड. सासरे बसले, पायानं रेटा दिला. कित्येक वर्षांची कुरकुर तिथल्या तिथे थांबली.

"बघा," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "खोबरेल तेलानंही थांबते की."