रोजही तूच द्यायचा

जामनेरातला माणूस परदेशी जातो तो दोन कारणांनी. एक, पोरगा तिकडे स्थायिक झालेला असतो आणि सूनबाईचे दिवस भरत आलेले असतात. दोन, कृषी खात्याच्या अभ्यास दौऱ्यात नंबर लागतो. दुसऱ्या कारणाने गेलेला शेतकरी इस्रायलचं ठिबक बघून येतो आणि पुढची काही वर्षं टपरीवरचं प्रत्येक वाक्य ‘तिकडे तसं नसतं, भो’ने सुरू करतो. ठिबकच्या नळ्या जळगावातच तयार होतात, पण परदेशात बघितल्याशिवाय त्या पटत नाहीत.

तिसरं कारण आमच्या आक्काच्या नातीने शोधून काढलं. ती टेक्ससमध्ये कॉलेजात शिकते. मार्चच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर ग्वाटेमालातल्या एका खेड्यात गेली. एका घरी राहायचं, तिथलं खायचं आणि गावात चुली बांधून द्यायच्या. यासाठी विमानाचं भाडं सोडून वेगळे पैसे भरायचे. आक्काने फोनवर हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काय वं माय, कामबी तूच करायचं अन् रोजबी तूच द्यायचा?”

मी आक्काचा धाकटा भाऊ, त्यातून निवृत्त मास्तर. समजावणं माझ्याकडे आलं. म्हटलं, आक्का, अनोळखी घरात राहून माणसं समजून घ्यायची ही जुनी कल्पना आहे. डोनाल्ड वॉट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३२ साली याची संस्थाच काढली. पुढे १९६१ मध्ये केनेडींनी पीस कोअर काढलं; त्यांची तरुण पोरं १९७६ पर्यंत भारतातही येत होती, कुक्कुटपालन वगैरे शिकवायला. आक्का म्हणाली, “कोंबड्या आपल्याला माहीत नव्हत्या का?” मास्तरकीला जामनेरात एवढाच मान आहे.

खरी मजा व्हिडिओ कॉलवर आली. ग्वाटेमालात सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. दोन्हीकडे चूल पेटायची तीच वेळ. गाव अतित्लान नावाच्या तळ्याकाठी, पाठीमागे ज्वालामुखीचे डोंगर. नात उत्साहाने डोंगर दाखवत होती. आक्काने सांगितलं, “ते राहू दे, चुलीकडे धर.” चुलीपुढे रंगीत विणीचा पोलका घातलेली एक बाई टाळ्या वाजवल्यासारखी दोन हातांत मक्याची भाकरी थापत होती. आक्का पुढे सरकली, चष्मा लावला आणि परीक्षकाची नजर टाकली. हात चांगला आहे म्हणाली. भाकरी मात्र लहान. “एवढ्याशा भाकरीने गड्याचं पोट कसं भरतं?” नात म्हणाली, आजी, ते दहा-बारा खातात. आक्काचं समाधान झालं.

मका! आमच्या तालुक्यात शिवारंच्या शिवारं मका होतो आणि ट्रक भरून कोंबडीखाद्याच्या कारखान्याला जातो. आपण पावसात एखादं कणीस भाजून खाणार, बाकी सगळं कोंबड्यांचं. आणि ही पोरगी डॉलर मोजून तिन्ही त्रिकाळ तेच खाते आहे. त्यात तिने सांगितलं की मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवतात. “तंबाखूच्या चुन्यात?” आक्काने माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशातली डबी तिला ठाऊक आहे. मी संधी साधून सांगितलं की, चुन्याने मक्याची साल सुटते आणि त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपवाल्यांनी मका नेला पण चुना तिथेच ठेवला, म्हणून नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटलीच्या गोरगरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. आक्का म्हणाली, “म्हणून काही डबी काढू नको.”

मला विचाराल तर खानदेशची आणि त्या मुलखाची ओळख करून द्यायला कुणा पोरीने विमानात बसायची गरजच नव्हती. मिरची त्याच बाजूची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे उतरली. त्याआधी आपले पूर्वज कसला ठेचा खात होते, या प्रश्नाने मला झोप येत नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते ना, पऱ्हाट्यांवर वांगी भाजून, बडगीत ठेचून? त्यात वांगं आपलं. मिरची मेक्सिकोकडची. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. ‘अस्सल खानदेशी’ म्हणून पुण्याच्या पाहुण्याला वाढतो ते हे.

आणि केळी उलटी गेली. मूळची आपल्या आशियाकडची. १५१६ साली बर्लांगा नावाच्या पाद्र्याने कॅनरी बेटांवरून कंद नेऊन अमेरिकेच्या बाजूला लावले, असं सांगतात. तिथे केळीने असे पाय पसरले की, १८९९ मध्ये निघालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीपुढे सरकारं लटपटू लागली. ‘बनाना रिपब्लिक’ हे नाव ओ. हेन्रीने १९०४ च्या पुस्तकात दिलं. पैशांच्या अफरातफरीचा आरोप चुकवायला तो होंडुरासला पळाला होता, तिथे त्याला ते सुचलं. (आमच्याकडे अफरातफर करणारा फार तर बऱ्हाणपूरपर्यंत पळतो, म्हणून खानदेशी वाङ्मय मागे राहिलं.) आज रावेर-यावलकडे जिकडेतिकडे दिसणारं जी-नाइन म्हणजे तिकडचंच ग्रँड नैन वाण. टिश्यू कल्चरची रोपं होऊन ते आपल्याकडे आलं आणि जुन्या बसराई वाणाला बाजूला सारून बसलं. केळी मात्र म्हणायची जळगावची. २०१६ पासून तसं भौगोलिक मानांकनही आहे.

आक्का दिलेली रावेरकडे. तिचं आयुष्य केळीत गेलं. त्यामुळे त्या बाईच्या परसातल्या दोन केळी दिसल्याबरोबर नातीला हुकूम सुटला, “तिला सांग, पिलं काप. आईचं खाऊन टाकतील.” नातीचं स्पॅनिश शाळेतलं, त्या बाईची घरची भाषा काकचिकेल, आक्काची तावडी. नात शब्द शोधत बसली तोवर आक्काने कॅमेऱ्यापुढे हाताने कोयता चालवून दाखवला. त्या बाईने मान डोलावली आणि नवऱ्याच्या दिशेने बोट करून कपाळावर हात मारला. आक्काही खो खो हसली. दोघींचे नवरे कोयता लावायला सारखेच आळशी निघाले.

मग चुलीचं काम दाखवलं. चार पोरी विटा रचत होत्या, सिमेंट नखापर्यंत, फोटो भरपूर. भिंत रावेरच्या केळीला घड आल्यावर झुकावी तशी झुकलेली. पलीकडे गावातला गवंडी हात मागे बांधून, चेहऱ्यावर कमालीचा आदर ठेवून उभा. आक्काने त्याला बरोबर ओळखलं. “हा माणूस पोरी गेल्या की हे पाडून पुन्हा बांधेल बघ.” तिला अनुभव आहे. १९८३ नंतर देशभर निर्धूर चुलींची मोहीम निघाली, तेव्हा तिच्या घरीही एक झाली होती. चूल देखणी होती. धुराड्यात चिमणीने घरटं केलं, आक्काला ते मोडवेना, म्हणून स्वयंपाक परसातल्या जुन्या चुलीवर आणि निर्धूर चुलीवर लोणच्याच्या बरण्या. बघायला पाहुणे आले की बरण्या उतरवून ठेवायची.

आपल्याकडे अशी सहल निघायची नाही असं मला वाटायचं, कारण खानदेशात पाहुण्याला कामाला हात लावू देत नाहीत. पाहुण्याने ताट उचललं तरी घरात रडारड. तिथे त्या बाईने पाहुणीला बिनदिक्कत मका दळायला बसवलं होतं. आक्काला हे फार आवडलं. तिला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं की, असंही करता येतं.

आता नात म्हणते, पुढच्या वर्षी मैत्रिणींना घेऊन जामनेरला येते. आक्काने माझ्याकडून वहीत दर लिहून घेतले आहेत. कुरडयांचा चीक हाटणं, पन्नास डॉलर. पापड लाटणं, चाळीस. फाटला तर पाच जादा. हरभरा उपटायचा तर पहाटे, दव असताना, घाटे गळू नयेत म्हणून, त्याला दीडपट. कापूस वेचायची हौस असेल तर मार्चात येऊन उपयोग नाही, दिवाळीला या. चूल बांधायची असेल तर शंभर, आणि ती पाडून पुन्हा बांधायची गवंड्याची मजुरी वेगळी, आगाऊ.