आमचं क्रीडा खातं

गेल्या गुरुवारी, ३१ जुलै २०२५ ला रात्री, राज्य सरकारने माझ्या वहीचं एक पान फुकट घालवलं. पानाचं नाव ‘राज्य मंत्रिमंडळ : खाते व मंत्री’. चार दिवस खपून पाठ केलं होतं. राज्यसेवेची पूर्व परीक्षा तेव्हा २८ सप्टेंबरला ठरलेली, जागा ३८५, आणि मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक. म्हणजे आता नुसता गोळा काळा करून भागत नाही, उत्तर लिहावं लागतं. अशा काळात एक पान पक्कं झालं की माणूस निवांत झोपतो. मी झोपलो. सकाळी उठून बघतो तर कृषिमंत्री माणिकराव कोकाटे क्रीडामंत्री झाले होते आणि क्रीडामंत्री दत्तात्रय भरणे कृषिमंत्री. दोन नावं, दोन खाती, फुलीसारखी अदलाबदल. परीक्षेला ‘जोड्या लावा’ म्हणून विचारण्यासाठीच केली असावी.

आमच्या घिवली गावात कोकाटेंचा विषय नवा नव्हता. वीस जुलैला तो व्हिडिओ आला, विधान परिषदेच्या बाकावर बसलेले मंत्री आणि हातातल्या मोबाईलवर रमीची पानं, तेव्हापासून आमच्या पारावर त्याचं रोज अधिवेशन भरत होतं. मंत्र्यांचं म्हणणं असं, की ते खेळत नव्हतेच. खालच्या सभागृहात काय चाललंय ते बघायला यूट्यूब उघडत होते, तेवढ्यात तो गेम आला आणि ते तो घालवत होते. विरोधक म्हणाले, खेळतच होते. किती वेळ, यावर सेकंदांपासून मिनिटांपर्यंत सगळे आकडे फिरले. मला मंत्र्यांचं म्हणणं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा उपयोगी वाटलं.

त्याचा उपयोग मी सोमवारीच करून बघितला. रात्री साडेअकराला बाबा पाणी प्यायला उठले, तर मी अंथरुणात, समोर ‘भारतीय राज्यव्यवस्था’ उघडी आणि पुस्तकाच्या पोटात मोबाईल. गेममध्ये आमचा चौघांचा स्क्वॉड शेवटच्या वर्तुळात होता, समोर दोनच गडी उरले होते.

“काय चाललंय?”

“काही नाही बाबा. संविधानावरचा व्हिडिओ लावत होतो, मध्येच गेम आला. घालवत होतो.”

बाबांनी एकसदस्यीय समिती नेमली, समितीने जागेवर अहवाल दिला आणि मोबाईल कपाटात गेला. आमच्याकडे चौकशीला दिरंगाई नसते. आजीला मात्र हा अन्याय वाटला. गुरुवारच्या खातेबदलाची बातमी मी तिला वाचून दाखवली तेव्हा ती सुपातले तांदूळ निवडत बाबांना म्हणाली, “खेलताना पकडला ना? मंग खेलाचाच खाता दिला. त्यात काय चुकला? तू पन याला कायतरी दे.”

बाबांचं गेमशी वैर आहे, पत्त्यांशी नाही. एमआयडीसीतून निवृत्त झाल्यापासून ते दुपारी पारावर मेंढीकोट खेळतात. जून-जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, जाळी शिवून झाली की बोटवाल्यांनाही हाताला काम हवंच. एकसष्ट दिवसांच्या बंदीत पारावरची पानं इतकी मळतात, की इस्पिक आणि किलवर वासावरून ओळखावे. यात आणि माझ्यात फरक काय, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं, “पत्ते म्हणजे वेळ घालवणं. तुझं ते म्हणजे वेळ फुकट घालवणं.” मी सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात म्हटलंय, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं, कुठलं टाकायचं ते ठरवावं लागतं. बाबा म्हणाले, “एवढं साल-बिल पाठ आहे, तर परीक्षेत का नाही दिसत?”

सोमवारची वेळही वाईट निवडली मी. त्याच दिवशी जॉर्जियात बटुमीला नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली आणि त्या फटक्यात ग्रँडमास्टरही झाली. वय एकोणीस. आमच्या घरात एकोणीस हा आकडा आता शिवीसारखा वापरला जातो. तिचं कौतुक मलाही आहे, पण तिच्या पटावर चौसष्ट घरं. आमचं एकच, तेही भावकीत वाटणीला आलेलं. शनिवारी नागपुरात मुख्यमंत्र्यांनी तिचा सत्कार करून तीन कोटींचा धनादेश दिला. एकाच आठवड्यात राज्याने एका मुलीला खेळल्याबद्दल पैसे दिले आणि एका मंत्र्याला न खेळल्याबद्दल क्रीडा खातं. मला दोन्हीकडून काही नाही, कारण मी खेळलो आणि हरलो. बाबांनी मोबाईल हिसकावला त्या क्षणी.

तरी मंत्रिमंडळाचं पान सोपं म्हणायचं. खरा घाम फोडतं ते ‘आपला जिल्हा : लोकप्रतिनिधी’. तिथे ‘पक्ष’ या रकान्यात मी पहिल्यापासून पेन्सिल वापरतो. राजेंद्र गावितांचंच घ्या, सगळं जाहीर आहे. काँग्रेसकडून आमदार आणि राज्यमंत्री. २०१८ च्या पालघर पोटनिवडणुकीत भाजपचे खासदार. २०१९ ला भाजपने ही जागा शिवसेनेला सोडली, तेव्हा लेकीबरोबर आंदण जावं तसे जागेबरोबर खासदारही गेले आणि सेनेकडून निवडून आले. २०२२ ला शिंदेंबरोबर. मे २०२४ मध्ये पुन्हा भाजप, ऑक्टोबरात पुन्हा शिंदेंची सेना आणि नोव्हेंबरात पालघरचे आमदार. रमीत याला उचलणं आणि टाकणं म्हणतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या शब्दांत हे मुख्यतः कौशल्य आहे आणि ते माझ्यात नाही हे मी मान्य करतो. माझा खोडरबर निम्मा झालाय.

ही माहिती लिहितो ती वहीसुद्धा निवडणुकीच्या एका इच्छुकाने वाटलेली. जिल्हा परिषदेच्या गटांचा आणि पंचायत समितीच्या गणांचा प्रारूप आराखडा चौदा जुलैला लागला, तेव्हापासून बोईसरच्या रस्त्यावर ‘भावी’ माणसं भराभर उगवली. वाढदिवस तरी किती यावेत एका पावसाळ्यात! एका भावी सदस्याने पोरांना वह्या दिल्या. मुखपृष्ठावर स्वतः हात जोडून, मागे पाढे. चिन्हावर कागदाची चिकटपट्टी मारली होती. नखाने खरवडली तर खाली दुसरं चिन्ह निघालं. वही चांगली आहे, पाणी लागलं तरी शाई पसरत नाही.

शुक्रवारी एक ऑगस्ट. पालघर जिल्हा अकरा वर्षांचा झाला. २०१४ साली ठाण्यातून वेगळा झालेला, राज्यातला छत्तिसावा. हा प्रश्न हमखास येतो आणि सुदैवाने याचं उत्तर कुणी रात्रीत बदलत नाही. त्याच दिवशी मासेमारीची बंदी उठली, पण घराघरांत श्रावण लागून आठवडा झालेला. सरकारने सोडलं, पंचांगाने धरलं. आजी मासे बंद ठेवते आणि ‘सुकट म्हणजे काय मासा नाय’ असं वर सांगते. जुने तांडेल नारळी पौर्णिमेआधी दर्यात उतरत नाहीत, यंदा ती येत्या शुक्रवारी. आमच्या स्क्वॉडमधला बोटीवरचा गडी मात्र उतावळा. त्याचे हप्ते पौर्णिमेची वाट बघत नाहीत. पहाटे त्याने बर्फाच्या लाद्या चढवताना फोन केला, बाबांच्या फोनवर. “आता पाच-सहा दिवस नेटवर्क नाय. माझी रँक सांभाळ.” किनारा दिसेनासा झाला की त्याचा फोन म्हणजे नुसती बॅटरी.

आमच्या चौघांत तोच खरा नेमबाज. दुसरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, सातला आत, तीनला बाहेर आणि रात्री साडेदहाला डोळे मिटत गोळ्या झाडतो. तिसरा अणुऊर्जा केंद्रात ठेकेदाराकडे. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ ला सुरू झालेलं, आणि आमच्या गावाच्या कुशीला. तरी पावसाची सर आली की आमच्याकडे दिवे जातात. वीज इथे तयार होते, पण जाते ग्रिडात. पोर शिकून मुंबईला जावं तशी. त्याला आम्ही दर वेळी विचारतो, “अरे, येताना डब्यातून थोडी आण की.” तो आता हसतही नाही.

आज रविवार, मैत्री दिन. बोईसर स्टेशनबाहेर रंगीत पट्ट्यांचे ढीग. रिक्षात मागे चार, पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून दोन, अशा सहा जणांत आम्ही तिघे गेलो, वडापाव खाल्ला. पट्ट्या चार घेतल्या. चौथी माझ्या वहीत आहे, कृषिमंत्र्यांच्या पानात, खूण म्हणून.

बाबांनी मोबाईल अजून दिलेला नाही. पण आज दुपारी मेंढीकोटला एक गडी कमी पडला, बोटवाले गेल्यामुळे, आणि त्यांनी मला हाक मारली. मी दोन डाव जिंकलो. खेळताना पकडलं गेल्याचा एवढा लाभ मलाही झाला.

आता मायबाप सरकारला एकच विनंती. आणखी खाती बदलायची असतील तर परीक्षेच्या आदल्या दिवसाच्या आत बदला, आणि शक्यतो दिवसा. रात्री आमच्याकडे लाईट असेलच असं नाही.