बस्त्यातले जवाईबापू

लग्न जमलं की वऱ्हाडात पहिला फोन मंगल कार्यालयाला जातो आणि दुसरा थोरल्या जवाईबापूंना. बस्ता फाडायला जायचं असतं. सासरेबुवा पैसे देणार, सासूबाई रंग पाहणार. पण कोणाच्या अंगाला काय शोभतं, हे सांगायला घरात दुसरं आहे कोण?

अमरावतीबाहेर नांदगाव पेठेजवळ, नागपूरच्या हमरस्त्याला लागून बिझिलँड, सिटीलँड, ड्रीमलँड अशी ठोक कापडाची मार्केटं आहेत. नावं ऐकून पासपोर्ट काढावासा वाटतो. आत मात्र चपला काढून गादीवरच बसावं लागतं. बायका गाडीतून उतरून थेट दुकानात शिरतात. जवाईबापू दारात थांबतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या पुरुषांची पोटं न्याहाळतात. हा त्यांचा रियाज.

त्यांच्या पोरीनं एकदा मोबाइलवर वाचून दाखवलं होतं की, अमेरिकेतल्या डेव्हिड किबी नावाच्या माणसानं 1987 मध्ये ‘मेटामॉर्फोसिस’ हे पुस्तक लिहून बायकांच्या बांध्याचे तेरा प्रकार पाडलेत आणि प्रत्येकीला साजेसा पेहराव नेमून दिलाय. जवाईबापूंनी सगळे तेरा ऐकून घेतले.

“येवढे कायले लागते बाप्पा? आपल्या इकडं तीनच हायेत.”

पहिला पऱ्हाटी. उंच, वाळका, खांद्यावर शर्ट टांगलेला. दुसरा कणगी. मध्ये घेर, वरखाली बेताचं. तिसरा गठाण, म्हणजे चहूबाजूंनी सारखा. कापसाची पक्की गठाण 170 किलोची असते, तेव्हा त्या वर्गात पुरतं पास झालेलं खानदानात अजून कोणी नाही. थोरले काका मेहनत घेतायत.

एकदा वर्ग ठरला की कायदा लागू. पऱ्हाटीनं कडक, फुगणारं कापड घ्यावं. कणगीनं उभ्या रेघा घ्याव्यात आणि शर्ट खोचायचं नावही काढू नये. गठाणीनं गडद रंग, बारीक फुलं, अरुंद काठ यांतच राहावं. खरं सांगायचं तर यात खोड काढण्यासारखं काही नाही. मुंबईतला फी घेणारा सल्लागार हेच सांगेल, फक्त एसीत बसवून सांगेल.

पण बस्त्यात अंगाला विचारतो कोण? तिथं नातं विचारतात.

“हे विहीणबाईले नको,” जवाईबापू रुंद काठाची साडी बाजूला सारतात. “त्या गठाण हायेत. काठानं अजून आडव्या दिसतीन.”

“जवाईबापू, विहिणीले बारीक काठाचं दिलं तं त्या मांडवात बसतीन काय?” सासूबाई साडी पुन्हा पुढं ओढतात.

“अवो, पण अंगाले शोभलं पाहिजे न!”

“अंगाले कायले? मानाले शोभलं पाहिजे.”

विहिणीला रुंद काठ जातो. नवरदेवाच्या मामाला सफारीचं कापड जातं, मग तो पऱ्हाटी असो की गठाण. आत्याला तिनं मागच्या लग्नात नावं ठेवली होती त्याहून शंभर रुपयांनी वरची साडी जाते. देण्याघेण्याच्या साड्या तर एकाच लॉटमधल्या, डझनाच्या हिशेबात. त्यांत तिन्ही बांधे एका गाठोड्यात निघतात. जवाईबापू हताश होऊन चहा मागवतात.

मला विचाराल तर सासूबाईंची बाजू मुळातच भक्कम आहे. साडी, धोतर, दुपट्टा यांना साइज नसते. नऊवारी लुगडं सडपातळ पोरीला जास्त निऱ्यांनी आणि भरलेल्या आजीला कमी निऱ्यांनी बरोबर बसतं, वर दोघींनाही आपण बसवलंय असं वाटतं. माप घ्यायची वेळ यायची ती झंपरापुरती. अंग कोणत्या वर्गातलं, ही चिंता खरी सुरू झाली ती रेडिमेडनं. कॉलरमागं एल, एक्सएल असा शिक्का आला आणि माणसाला आपण पाहुण्यांत कितवे ते कळलं.

जवाईबापूंना आता आणखी एक विषय मिळालाय. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या गिरण्या आल्या, रेमंडचा लिननचा कारखाना आला. आणि 20 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी वर्ध्याहून अमरावतीच्या पीएम मित्रा पार्कचं भूमिपूजन केलं, हजार एकरांचं. बाकीचे लोक नोकऱ्या किती, पाणी कुठून, हे विचारतात. जवाईबापू विचारतात की कापूस पिकवणाऱ्या मुलखात जवसाच्या जातीतल्या झाडाच्या दोऱ्याचं कापड कायले? “लिनन चुरगळते. पऱ्हाटीवर चुरगळलं तं फॅशन, कणगीवर चुरगळलं तं दुपारचा झोपून उठला वाटते.” हे निरीक्षण मात्र बिनतोड आहे.

एकदाच त्यांना अडलेलं ऐकलंय. कोणीतरी विचारलं, गाडगेबाबा कोणत्या वर्गात? याच जिल्ह्यातल्या शेणगावचे, अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा. पण हजारोंच्या सभेत दुसऱ्या कोणाच्या कपड्याकडं पाहायला लोकांना सवड नसायची. जवाईबापूंनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, “त्याईले कपडा नव्हता शोभत. कपड्याले ते शोभत होते.” आणि विषय बदलला.

बस्त्याच्या शेवटी जवाईबापूंचा आहेर. इथं त्यांचं काही चालत नाही, कारण आहेर मागून घेत नसतात. सासूबाईंनी मरून रंगाचं चकाकतं जाकीट आधीच बाजूला काढलेलं असतं, आडव्या नक्षीचं. जवाईबापू स्वतःच्या कायद्यानं कणगी. ते मुकाट्यानं आरशापुढं उभे राहतात, श्वास आत घेतात, वरची दोन बटनं लागतात, तिसरं लागत नाही. बायको दुसरीकडं पाहते. मेहुणे मोबाइलमध्ये डोकं घालतात.

तेवढ्यात गादीवरचा विशीतला पोरगा पुढं येतो, लागलेली दोन बटनंही खोलून टाकतो आणि म्हणतो, “भाऊ, हे लावाचंच नसते. तुमच्यासारखी पर्सनॅलिटी असली का खुल्लंच घालाचं असते.”

जवाईबापू श्वास सोडतात. आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहतात.

“पोट्टं शिकलेलं दिसते,” ते सासऱ्यांना म्हणतात. “बिल करून टाका.”