गिटारला सण नसतो

ढोल-ताशाला गणपती आहेत, टाळ-मृदंगाला वारी आहे, सनई-चौघड्याला लग्नसराई आहे. पिपाणीलासुद्धा जत्रा आहे. गिटारला मात्र आपल्या पंचांगात कुठेच जागा नाही. एरवी याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण गिटारचा अ‍ॅम्प बिघडला आणि तो पुण्यात दुरुस्तीला टाकला, की ही उणीव फार जाणवते.

माझा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा. ट्रान्झिस्टर निघाला 1947 साली, पण गिटारवाल्यांनी ती बातमी अजून मनावर घेतलेली नाही. काचेच्या नळ्या तापायच्या, आत नारिंगी उजेड पडायचा, आणि मगच तोंडातून आवाज फुटायचा. चांगलं वीसेक किलोचं हे धूड जूनच्या सुरुवातीला गुणगुणायला लागलं. तार छेडा, न छेडा, मागे एक सूर धरलेलाच.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची दाटी आहे. तिथल्याच एका बोळात, जिन्याखालच्या जागेत काका बसतात. धूड त्यांच्या टेबलावर चढवलं. टेबलावर राळेचा वास, पत्र्याच्या डब्यात वर्गवारी न केलेले स्क्रू, आणि एका लाकडी पाटीवर साठ वॅटचा जुना पिवळा दिवा. अनोळखी सेट काका आधी या दिव्यातून सिरीजमध्ये चालू करतात. दिवा भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट. एकदा उजळून मंदावला तर सेट जिवंत. माझा मंदावला. मग थेट लाइनवर लावून काकांनी डोळे मिटले आणि गुणगुण ऐकली.

“पांढरी पाच,” ते म्हणाले. “जरा चढी. फिल्टरचा कंडेन्सर सुकलाय.”

काका संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतात. आपली वीज 50 हर्ट्झची; ती रेक्टिफायरमधून सुलट होऊन आली की तिच्यावर 100 हर्ट्झची लाट उरते, आणि ती लाट गिळायचं काम कंडेन्सरचं. पांढरी पाच 98 वर असते, म्हणजे आमची गुणगुण तिच्याहून किंचित चढीच. मीटर न लावता माणसाने अर्ध्या मिनिटात निदान केलं. मी भारावलो. बदलायचा होता तो 450 व्होल्टचा एक कंडेन्सर, शंभराच्या नोटेत येणारा, आणि त्याचं दुकान रस्त्यापलीकडे.

“पालख्या गेल्या की या,” काका म्हणाले. दिंड्यांचे भोंगे आणि बॅटरीवरचे अ‍ॅम्प टेबलाखाली रांगेत होते. वारकऱ्यांच्या पुढे घुसण्याचं पाप कोण घेणार?

पालख्या गेल्या. मग हवेत दमटपणा होता. दमट हवेत डाग नीट बसत नाही म्हणे. श्रावणात काका नव्हते, त्यांचा पोऱ्या होता. त्याने “रशियाचा माल अडकलाय” असं सांगितलं. हे त्याने कुठून ऐकलं कोण जाणे, पण अगदीच हवेतलं नव्हतं. असे व्हॉल्व्ह काढणारे कारखाने हल्ली रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन धरून बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि 2022 च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले होते. एवढं आंतरराष्ट्रीय कारण समोर आल्यावर मी काय बोलणार? पण बिघडला होता कंडेन्सर. रस्त्यापलीकडचा.

मग गणपती तोंडावर आले. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एकावर एक रचलेले मंडळांचे अ‍ॅम्प, प्रत्येकावर चिकटपट्टीने ‘अर्जंट’. माझं धूड सगळ्यांत तळाशी. त्याचा उपयोग स्टूल म्हणून होत होता.

“काका, माझा आधी आलाय.”

“अहो, मंडळाची दहा पोरं येतात. तुम्ही एकटे येता.”

यात तिरकसपणा नव्हता, हिशेब होता. पुढच्या खेपेला आपणही दहाजण घेऊन जावं असं मनात आलं, पण गिटारच्या अ‍ॅम्पसाठी रस्त्यावर उतरतील असे दहाजण मला या शहरात माहीत नाहीत. एक मित्र आहे. त्याने सांत्वन केलं ते असं: 1964 साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा मुद्दाम ब्लेडने चिरला, त्यातून जो फाटका आवाज आला तो जगभर गाजला, आणि तेव्हापासून लोक चांगल्या अ‍ॅम्पमधून फाटका आवाज काढायला पैसे मोजतात. तेव्हा गुणगुणीचं काय घेऊन बसलास? मी म्हटलं, त्याने लंडनमध्ये चिरला म्हणून निभावलं. बुधवार पेठेत चिरला असता तर पडदा बदलेपर्यंत बँड फुटला असता.

विसर्जनानंतर टेबल मोकळं दिसलं. पण लागला पितृपक्ष. पक्षात नवी वस्तू घ्यायची नाही, हे आमच्या घरीही पाळतात. पण कंडेन्सर हा दागिन्यांत मोडतो की वाहनांत, याचा खुलासा काकांनी केला नाही. ते फक्त म्हणाले, “तुमच्याच वस्तूला नाट नको.” पुढे नवरात्र, म्हणजे गरब्याचे स्पीकर. खंडेनवमीला गेलो तर सोल्डरिंग आयर्न, मीटर, पकडी सगळं पाटावर मांडून त्यावर झेंडूची फुलं. शस्त्रं पूजेला बसलेली, काम बंद. माझ्या अ‍ॅम्पलाही हळदकुंकू लावलेलं होतं. व्हॉल्यूमच्या बटणावर अक्षता. ज्याची पूजा झाली त्याच्याबद्दल तक्रार कशी करायची? पेढा घेऊन परत आलो.

कोजागिरीनंतर गेलो तर अ‍ॅम्पच नाही! फळीवरच्या धुळीत चौकोन तेवढा स्वच्छ.

“झाला की तुमचा,” काका खुशीत होते. “एका रात्रीत केला.”

“कुठे आहे?”

“देवळात.”

झालं होतं असं, की भजनी मंडळाचा स्वतःचा अ‍ॅम्प ऐन कोजागिरीला जळाला आणि दुसऱ्या पहाटेपासून काकडा. काकांनी रात्री दुकानदाराला घरून उठवून कंडेन्सर आणला, डाग दिले, आणि पहाटे धूड हातगाडीवर घालून देवळात नेलं. जूनपासून हा सण हुकत होता तो असा लागला.

पहाटे देवळात गेलो. गाभाऱ्याच्या कडेला माझा अ‍ॅम्प, त्यात मंडळाचा माइक खुपसलेला. गुणगुण नावालाही नव्हती. काकांचा हात खरंच सोन्याचा. बुवांनी खालच्या सुरात सुरुवात केली तेव्हा आवाज तुपासारखा येत होता. मग टाळ चढले, बुवा वरच्या षड्जावर गेले, व्हॉल्व्ह भरून आले आणि बुवांच्या आवाजाला ती खरबरीत, गरम धार चढली. जिच्यासाठी पोरं हजारो रुपयांची पेडलं घेतात ना, तीच. टाळकऱ्यांना काही वावगं वाटलं नाही. मी खांबाला टेकून हरखून ऐकत होतो.

काकांनी पेटीवरून माझ्याकडे पाहिलं. चेहरा चिंताक्रांत. आरती होताच गाठलं.

“ऐकलंत? वर गेलं की फाटतो.”

“काका, तो तसाच पाहिजे. त्यासाठीच घेतलाय तो.”

“समजूत नका घालू माझी. फाटका माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही मी.” त्यांनी अ‍ॅम्पच्या पाठीवर हात ठेवला. “कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा आहे. तेवढा होऊ द्या, मग पुन्हा उघडतो. मध्ये तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होईल, पण बघू.”

मी खिशातून पाकीट काढलं. काकांनी माझा हात धरला.

“छे छे. काम पुरं झाल्याशिवाय पैसे घेत नाही मी.”