पोरगी नुसती बसते!

"काय रे, तुझी पोरगी खो-खोच्या उन्हाळी शिबिराला जाते म्हणे," कुंपणापलीकडून नाना म्हणाले. "पैसे भरून? आणि तिथं नुसती बसते, असं आमचा नातू सांगत होता."

बातमी पोचली होती तर. मी पाण्याची नळी जास्वंदीच्या बुडाशी टाकून दिली. नानांशी बोलायचं तर हात मोकळे लागतात.

"बसते, नाना. आठ जण बसतात, एक जण पाठलाग करतो. खेळच तसा आहे."

"मग घरी बसायला काय झालं होतं? फुकट बसली असती."

"तिचं बसणं एकदा येऊन बघा. मांडी नाही घालायची. चवड्यावर बसायचं, एक पाय पुढं, हात जमिनीला टेकलेले. शेजारच्याचं तोंड पूर्वेला, तर हिचं पश्चिमेला. पाठीमागून कधी थाप पडेल आणि 'खो' कानावर येईल, नेम नाही. उठायला जरा उशीर केला, की समोरचा गडी साखळी खेळत पार खुंटापाशी. बरं, उठून एकदा दिशा धरली, की मध्येच माघारी वळायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं रान मोकळं. म्हणजे बसलेल्यानंच जास्त लक्ष ठेवायचं. पहिले काही दिवस सरांनी पोरांकडून नुसतं बसणं-उठणं करून घेतलं, तर आम्हा पालकांत कोण कुजबुज!"

"आमच्या वेळी असली शिबिरं-बिबिरं नव्हती," नाना खुर्ची ओढत म्हणाले. सांगलीतल्या माणसापुढं उन्हाळ्याचा विषय काढला, की तो आयर्विन पुलाखालून कृष्णेत उतरल्याशिवाय राहत नाही. "पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि थोरल्यानं मागून ढकलायचं. झालं पोहणं!"

"तुम्हाला भोपळा, आम्हाला पत्र्याचा डबा आणि आमच्या पोरांना थर्माकोल. ढकलणारा तेवढा बदलला नाही."

नाना खुशीत हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनींचं काय म्हणणं?"

"ती म्हणते, शाळेला तीन हाका आणि शिबिराला एकही नाही. साडेपाचला पोरगीच मला हलवून उठवते. परत येते ती मोज्यांतून अर्धं मैदान घेऊन. गुडघा सोललेला. आई एका हातानं हळद लावते, दुसऱ्यानं पन्ह्याचा पेला पुढं करते आणि तोंडानं मला बोलते. धाकटा भर उन्हात अंगणात क्रिकेट खेळतो. वन टप आउट, आणि तुमच्याकडं बॉल गेला तरी आउट."

"त्या नियमानंच माझ्या काचा वाचल्यात. तो बदलू देऊ नकोस." नाना क्षणभर थांबले. मग मूळ शंका काढली. "पण खो-खोत पुढं काय? चार पैसे?"

"जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, नाना. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामने आपण नेपाळला हरवून जिंकलो. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. धाराशिवच्या सारिका काळेंना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. पण तेवढ्यासाठी नाही पाठवत मी. घरी हिला तांब्याभर पाणी आण म्हटलं, की 'मीच का?' ठरलेलं. तिथं खो मिळाल्यावर 'मीच का' म्हणायला सवडच नसते!"

"हे मात्र खरं."

"परवा त्यांचा आपसात सामना झाला. हिनं एकही गडी बाद केला नाही. पळत राहिली, खो देत राहिली. टाळ्या मिळाल्या त्या शेवटी सूर मारून गडी टिपणारीला. येताना स्कूटरवर मागं गप्प बसलेली. चौकात थांबलो तेव्हा म्हणाली, 'बाबा, तो गडी खुंटाकडं मी नेला होता.' बस, एवढंच. मी हो म्हणालो. कारण मी बघितलं होतं. घरात तरी वेगळं काय असतं, नाना? गॅसचा नंबर कुणी लावला, आईच्या गोळ्या कुणी आणल्या, याला कोण टाळ्या वाजवतं?"

"वहिनींना म्हणालास का हे?"

"म्हणालो. तिनं लगेच विजेचं बिल हातात दिलं."

नाना खो खो हसले. मग नातवाचा विषय त्यांनीच काढला. दिवसभर मोबाइल, दुपारी झोप, संध्याकाळी कुरकुर. "उद्या त्यालाही ने की. मी पण येतो काठावर."

"या. पण एक सांगून ठेवतो. काठावरून ओरडायचं नाही. एका बापानं 'ऊठ, ऊठ' केलं आणि पोरगं खो मिळायच्या आधीच उठलं. फाउल! तेव्हापासून सरांनी सगळ्या बापांची रवानगी लिंबाच्या झाडामागं केलीय."

"अरे, ओरडायचं नाही, सांगायचं नाही, मग मी तिथं येऊन करू काय?"

"बसा की! आठ जण तर बसलेलेच असतात."