बरणीत काटक्या लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

पौषात पुण्यात फुलदाणी सजवू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम आपली रचना कोण मोडणार आहे, हे निश्चित करावे. आमच्या घरी हा मुद्दा निकाली निघालेला आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी इकेबानाचा, म्हणजे जपानी पुष्परचनेचा, वर्ग केला आहे आणि त्या रविवारी चहाला येतात. पुढील सर्व नियम ही वस्तुस्थिती गृहीत धरून केलेले आहेत. ज्यांना जाऊ नाही, त्यांनी वन्सं, विहीणबाई किंवा सोसायटीचे सेक्रेटरी यांपैकी सोयीचे पात्र योजावे.

दुसरे पात्र म्हणजे बरणी. लोणच्याची जुनी, चिनी मातीची उत्तम. तळाशी मूठभर खडे टाकावेत, नाहीतर मोठी फांदी लावताच ती लवंडते. जपानी लोक फांद्या रोवायला शिशाच्या जड चकतीवर बसवलेल्या पितळी सुया वापरतात; त्याला केन्झान म्हणतात. जाऊबाईंकडे तो आहे. त्यांनी तो मला दाखवला, हातात दिला नाही. आपण खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचा वीतभर तुकडा चुरगळून बरणीत कोंबावा. फांदी म्हणाल तिथे उभी राहते.

साहित्य विकत आणू नये. सोनेरी रंग फासलेल्या दुकानी काटक्यांबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. तोडूही नये: पुण्यातल्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे, आणि शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. वाऱ्याने पाडलेले, माळ्याने छाटलेले, वीजतारांखाली कापून टाकलेले, एवढ्यावर आपला हक्क.

ताम्हण पहिली. उन्हाळ्यात हिच्या जांभळ्या फुलांना राज्यपुष्प म्हणून सगळे मान देतात. हिवाळ्यात त्याच झाडावर काळपट लाकडी बोंडं उकलून बसलेली असतात, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. ती एक डहाळी घरी आणा. पाणी नको, काही नको, वर्षानुवर्षं टिकते. फक्त धूळ झटका.

चाफा या दिवसांत पानं टाकून सांबरशिंगासारखा उभा असतो. त्याची छाटलेली फांदी आणल्या आणल्या बरणीत लावू नये. चीक गळतो, कपड्याला डाग पडतो, कातडीला खाजही सुटते. टोक खाली करून गच्चीत वर्तमानपत्रावर ठेवावी, चीक आटू द्यावा. मग कोरड्या बरणीतच लावावी, पाण्यात कुजते. पुढे कंटाळा आला की कुंडीत खोचावी, बहुधा जगते. इतकी सोशिक वस्तू घरात दुसरी नाही. (मी धरून दोन.)

बोगनवेलीची पानं सगळी ओरबाडावीत, तरच फुलं तग धरतात.

आता गिरिपुष्प. संक्रांतीनंतर कधीतरी याच्या उघड्या काड्यांवर फिकट गुलाबी फुलं लगडतात आणि फिरायला आलेली माणसं आपल्याकडे चेरी फुलली म्हणून फोटो काढत सुटतात. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. बी आणि साल उंदरांना विषारी, म्हणून गावाकडे याला उंदीरमारी म्हणतात. हे नाव रविवारी चहाच्या वेळी उच्चारू नये. कळ्या असलेलीच काडी घ्यावी, उमललेली घरी पोचेपर्यंत अर्धी गळते. बुंध्याला तिरका काप द्यावा, मग उभी चीर द्यावी आणि काडी रात्रभर बादलीत खोल पाण्यात ठेवावी. काहीजण टोक हातोडीने ठेचतात. ठेचू नये, पाणी वर चढायची वाटच चिरडते. पाण्यात बुडणारी पानं काढावीत आणि बरणी पिकल्या केळ्यांजवळ ठेवू नये. केळ्यांतून निघणाऱ्या वायूने फुलं लवकर गळतात. एवढं पाळलं तरी फुलं दोन-तीन दिवसांचीच. हे शुक्रवारी सुरू करावं हे चतुर वाचकाच्या लक्षात आलंच असेल.

रचनेचे गणित. सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या इकेबानाच्या सोगेत्सु परंपरेत तीन मुख्य फांद्या असतात. बरणीची उंची अधिक रुंदी, त्याच्या दीडपट थोरली. तिच्या पाऊणपट मधली. तिच्याही पाऊणपट धाकटी. थोरली उभ्या रेषेपासून १५ अंश कलते, मधली ४५, आणि धाकटीने ७५ अंश वाकायचं. हे जाऊबाईंनी मला समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा अत्यंत निर्विकार होता.

वास्तविक पाण्यात डहाळ्या खोचायला आपण जपानकडून शिकलेलो नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशात पाच झाडांच्या डहाळ्या लागतातच की! सासूबाई त्या कुठलाही कोन न मोजता खोचायच्या आणि नुसतं बघत बसावंसं वाटायचं. पण हे बोलायची सोय नाही. असो.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. एक फांदी मुद्दाम चुकीची लावावी. पाहुण्यांचे हात तिच्यात गुंतले की गावच्या घराच्या वाटणीचा विषय निदान चहा उकळेपर्यंत निघत नाही.

परंतु व्यवहारात असं घडतं. जाऊबाई येतात, पर्स ठेवतात, बरणीकडे बघतात.

“अगं, ही घुसमटलीये.”

“वहिनी, ती वाळलेली आहे.”

“तरी.”

आणि मी मुद्दाम वाकडी लावलेली त्या बघतही नाहीत. मला जी अगदी बरोबर साधली असं वाटत होतं नेमकी तीच ताम्हणाची डहाळी उपसतात, बोटभर तोडतात, मागच्या बाजूला सरकवतात. आणि बरणी एकदम चांगली दिसायला लागते. का, ते अंशात सांगता येत नाही. मी चहात साखर जास्त घालते.

पाणी दर दोन दिवसांनी बदलावे.